कोली सिस्टर आणि टॉमी

…तर गुणाजींनी पेन खाली ठेवलं, इथवर काल आलेलो आपण. खोपटचं ते लहानसं हॉस्पिटल, पोटात पित्ताचे खडे, अंगात ताप, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑपरेशन, समोर संमतीचा कागद, आणि कळव्याच्या मिठागरात उभी हयात घालवलेला हा सत्तरीचा गडी म्हणतो, "सही नाय करनार!"

मुलगा मयूर वैतागला. "बाबा, कशाला लफडं करताय? सही मारा ना!"

"डाक्टर कापनार म्हणालास ना? मग ही कोली सिस्टर कशाला? आन् तो टॉमी कोन?"

झालं होतं असं, की डॉक्टर घाईत 'कोलेसिस्टेक्टॉमी' म्हणून गेलेले. गुणाजींच्या घरच्या बोलीत कोळ्याला कोली म्हणतात. त्यांच्या कानात शिरली कोळ्यांची नर्स आणि तिचा कुत्रा!

अख्खा वॉर्ड हसला. शकूमावशीही हसली, पदर तोंडाला लावून. मग हातातली चादर ठेवून खाटेशी आली. शकूमावशी म्हणजे तिथली आया. शिक्षण आठवी, राहायला दिव्याला, बावीस वर्षं याच वॉर्डात. नर्सिंगच्या मुली पाठांतर करायच्या, ही घड्या घालता घालता ऐकायची, अडेल तिथे विचारायची.

"काका, बोलायचे तुकडे सहा. को-ले-सिस-टेक-टॉ-मी. म्हणा बघू."

गुणाजी 'टेक'वर अडखळले. तिने तीनदा म्हणवून घेतलं.

"आता अर्थाचे तीनच. कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. जुन्या ग्रीक लोकांचे शब्द आहेत म्हणे. त्या बाजूच्या काकूंची अपेंडिसेक्टॉमी झाली ना, तिथंही शेवटी एक्टॉमीच."

"पन तू तर टेक म्हणालीस. एक कुठं गेलं?"

"सिस्टचा ट पुढच्या ए ला चिकटला."

गुणाजी उठूनच बसले. गावच्या शाळेत मास्तरांनी छडी दाखवून घोकून घेतलेलं व्याकरण साठ वर्षांनी भेटीला आलेलं! "आगं, ही तर संधी! त्या लोकांत पन संधी हाय?" मग आवाज खाली आला. "म्हंजे खडे नाय, पिशवीच जानार?"

"पिशवीच. तिच्यावाचून माणूस जेवतो-खातो. थांबा, डॉक्टरांनाच विचारा."

तिने डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी पाच मिनिटं बसून सगळं सांगितलं. गुणाजींनी ठसठशीत सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी घरी निघताना गुणाजी वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले, अख्खा शब्द न अडखळता म्हणाले आणि शकूमावशीपुढे हात जोडले. "पोरी, तू नसतीस तर मी पलून गेलो असतो. तुझे उपकार कसे फेडू?"

ती म्हणाली, "काका, हात नका जोडू. माझ्या आईच्या वेळी याच शब्दाखाली मी न विचारता सही केलेली. आई बरी झाली, पण तिचं काय काढलं ते मला वर्षभर ठाऊक नव्हतं. तुम्ही विचारलंत, म्हणून मला सांगता आलं. उलट मीच तुम्हाला थँक्यू म्हणायला पाहिजे."