सिस्टरनं विचारलं नसतं तर

पुढचं काम करण्याआधी इथं लिहितोय.

वर्ध्यातल्या एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पेशंटला न चालणारी औषधं तिथं एकाच रकान्यात, स्वल्पविराम देऊन लिहितात. ती यादी सुटी करून द्यायच्या औषधाशी ताडून पाहणारं फंक्शन माझं.

आज दुपारी एका काकूंना इंजेक्शन द्यायचं होतं. स्क्रीनवर 'चालेल' अशी हिरवी खूण आली. तरी सिस्टरनं विचारलं, "काकू, कोणतं औषध सोसत नाई तुमाले?"

काकूंनी नेमकं त्याच इंजेक्शनचं नाव घेतलं.

ते नाव यादीत दुसरं होतं. नोंदी करणाऱ्या ताई टायपिंग क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे स्वल्पविरामानंतर एक जागा सोडतात. माझं फंक्शन ती जागा नावातच धरत होतं, म्हणून पहिलं सोडून एकही औषध जुळत नव्हतं. फंक्शन बनवताना मी तपासलं तेव्हा मी जागा न सोडताच टाइप केलं होतं.

दुरुस्ती एका ओळीत झाली. आता चुकून हिरवी खूण मिळालेले जुने पेशंट शोधायचेत. नोंदींतून ते शोधणारी क्वेरी लिहून तासभर झाला, चालवायची हिंमत होत नाही. तुम्ही चालवली असती का?

मघाशी सिस्टर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी काई दरवेळी विचारत नाई."