कुलूपकाकांची टाकी

धक्क्यावर त्यांना कुलूपकाका म्हणत ते काही उगाच नाही. होडीला साखळी, साखळीला कुलूप, वल्ह्यांना कुलूप, आणि मागच्या मोटारीच्या टोपणाला तर स्वतः कानशीने घासून बसवलेली कडी अन् तिला कुलूप. घरी साखरेच्या डब्यालासुद्धा एक होतं. काकूंनी एक दिवस तो डबा कुलपासकट त्यांच्या ताटाशेजारी आपटला, तेव्हा कुठे ते निघालं. "मी काय मुंगी आहे का?" असं विचारलं होतं काकूंनी. काकांच्या मते तो प्रश्न विचार करण्यासारखा होता.

याला कारण घडलं होतं म्हणे. तरुणपणी कोणीतरी त्यांची वल्ही पळवली आणि त्यांना दुपारभर फळकुटाने होडी हाकत यावं लागलं. लोक हसले. तेव्हापासून माणूस जो बिथरला तो बिथरलाच. समोरचा हसला तर का हसला, नाही हसला तर काय लपवतोय!

सगळ्या दुनियेत एकच माणूस या संशयातून सुटला होता, त्यांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा हा धाकटा एवढासा होता. काकांनीच त्याला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. पुढे दोघांनी मिळून ती जुनी मोटार आणली आणि पैलतीरावर माणसं ने-आण करायला लागले. मोटारीच्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक काकांच्या कमरेला, दुसरी धाकट्याच्या. यावरून काय ते समजा!

सकाळचा क्रम ठरलेला. काका मागे मोटारीपाशी, धाकटा पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला, दोर धरून. काका टाकीच्या नळीतला रबरी फुगा दाबायचे. त्याने पेट्रोल मोटारीपर्यंत चढतं, आणि चढलं की फुगा हाताला घट्ट लागतो. मग चोक ओढायचा, दोरी ओढायची, मोटार खोकून जागी झाली की काका ओरडायचे, "सोड!" आणि धाकटा दोर सोडायचा. वर्षानुवर्षं हेच. पलीकडच्या दवाखान्यात जाणाऱ्या नर्सबाई तर म्हणायच्या, "काकांचं 'सोड' ऐकलं की मला वाटतं, आता दिवस सुरू झाला."

त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि एका सकाळी मोटार काही सुरू होईना. काका ओढताहेत, ओढताहेत, मोटार ढिम्म! शेवटी धाकट्याने टोपण काढून पाहिलं. चोकची तार सैल झाली होती. त्याने बोटाने चोक दाबून धरला आणि मोटार लागली. झालं गेलं, तार घट्ट केली, विषय संपायला हवा होता. पण धाकटा हात पुसत सहज बोलून गेला, "दादा, म्हातारी झाली रे ही. विकून टाकू आता, नवी बघू."

बस्स! काकांच्या मनात पाल चुकचुकली.

विकून टाकू? का बरं? आणि तार नेमकी त्यालाच कशी सापडली? आपल्याला नाही सापडली ती! सैल कुठे झाली हे ज्याला आधीच ठाऊक असतं, त्यालाच एवढ्या पटकन सापडतं ना? दिवसभर हे डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहिलं. याला मोटार विकायची आहे. म्हणून हा ती बिघडवतोय. आपल्या नकळत हा किल्ली लावून येणार, पेट्रोलमध्ये पाणी घालणार, आणि एक दिवस आपणच कंटाळून म्हणू, विक बाबा!

तोंडाने मात्र चकार शब्द काढला नाही. त्याच संध्याकाळपासून त्यांनी नवी रीत पाडली. धक्क्याला लागलं की टाकीची नळी काढायची, मोटार तशीच फडफडत चालू ठेवायची आणि आतलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडू द्यायची. मोटारीत थेंबही उरता कामा नये. मग टाकी नळीसकट घरी न्यायची. टाकी जड. काका धक्क्यावर चढायचे आणि धाकटा होडीतून ती उचलून त्यांच्या हातात द्यायचा. "सांभाळून रे दादा," म्हणायचा. काका मनात म्हणायचे, सांभाळतोच आहे बाबा.

टाकी पलंगाखाली ठेवलेली पाहून काकू भडकल्या. "अहो, घरात पेट्रोल? झोपेत जळून मरायचंय का?" तेव्हा ती मागच्या मोरीत गेली. तिथेही कुलूप आलंच.

आणि मोटार? सुधारली? छे! तेव्हापासून तर ती जास्तच अडून बसायला लागली. फुगा दाबला की घट्ट लागायचा, म्हणजे पेट्रोल चढलं. चोक पूर्ण मिटत होता. तरी दोरी ओढून ओढून काकांचा खांदा उतरायची वेळ यायची, होडीत बसलेली माणसं घड्याळं बघायची, मास्तर शाळेची घंटा चुकणार म्हणून कपाळाला हात लावायचे, आणि मग कधीतरी बाईसाहेब सुरू व्हायच्या. एकदा तापली की दिवसभर बघायला नको, बोट लावताच चालू.

काकांनी काय काय नाही केलं! पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं, पाण्याचा थेंब नाही. प्लग काढून घासले, ठिणगी निळीशार. कार्बोरेटर उघडून फुंकला, स्वच्छ. टोपणाला काकूंच्या डब्यातला काळा दोरा चिकटवून ठेवला, म्हणजे कोणी उघडलं तर तुटेल. सकाळी दोरा जसाच्या तसा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, कोणी आलं नव्हतं. काका म्हणाले, "बघा, किती बेरकी! दोरासुद्धा परत चिकटवून गेला."

आता सांगा, अशा माणसापुढे काय बोलायचं?

एक गोष्ट मात्र खरी होती आणि तिनेच घात केला. धाकट्याची लेक बाळंतपणाला आलेली नव्हती, सासरीच होती, म्हणून तो अधूनमधून तिला बघायला जायचा आणि तिकडेच राहायचा. किल्ली त्याच्या कमरेला, म्हणजे किल्लीही गावाबाहेर. त्या दिवशी काका कशाला टाकी उचलतील? मोटार कोरडी न करता, नळी तशीच जोडलेली ठेवून ते निवांत घरी जायचे. आणि दुसऱ्या सकाळी काय आश्चर्य! पहिल्या ओढीला मोटार सुरू! एकदा नव्हे, दर वेळी. धाकटा गावात असला की मोटार मेलेली, नसला की टुणटुणीत.

यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? काकांच्या काळजात कोणी तरी सुरी फिरवल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर त्यांना रागापेक्षा रडू जास्त येत होतं. ज्याला पाठीवरून पाण्यात नेलं, तोच केसाने गळा कापतोय!

आणि एका सकाळी भरल्या होडीत काकांचा बांध फुटला. दोरी ओढून काका घामाघूम झाले होते. धाकटा नाळेवरून उठून मागे आला. "दादा, सरक जरा. मी बघू का?"

"हात लावू नकोस!" काका एवढ्याने ओरडले की धक्क्यावरचे बगळे उडाले. "खूप हात लावलेस! काय करतोस रे तू हिला? बोल ना सगळ्यांसमोर. तू नसतोस तेव्हाच ही बरी कशी सुरू होते?"

मास्तर पाण्याकडे बघायला लागले. नर्सबाई म्हणाल्या, "काका, अहो काय बोलताय!" धाकट्याने कमरेची किल्ली काढली, फळीवर ठेवली आणि धक्क्यावर चढून चालता झाला. काकूंनी त्या दिवशी घरी नवऱ्याचं ताट वाढलं आणि स्वतः उठून गेल्या. "भाऊजींना असं बोललात? मग मला कधी बोलणार, तेही सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मोटार पहिल्या ओढीला सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही. दोन्ही किल्ल्या आता काकांच्या कमरेला, टाकी घरी नेण्याचं कारणच नव्हतं. काका एकेका उतारूकडे वळून सांगायचे, "बघा! बघा म्हणजे कळेल!" उठून पुढे जाऊन दोर स्वतःच सोडायचे. धाकट्याने पलीकडच्या तीरावर होड्या दुरुस्तीच्या आवारात काम धरलं होतं, एवढं कानावर आलं.

मग धक्क्यावर नवा रखवालदार आला. गरीब बिचारा, बोलायला कोणी हवं म्हणून त्याने विचारलं, "काका, जुनी दिसते मोटार. कधीची हो?"

कधीची? याला कशाला हव्यात चौकशा? त्या संध्याकाळी काकांनी पुन्हा नळी काढली, मोटार फडफडून बंद पडेपर्यंत कोरडी केली आणि टाकी स्वतःच कशीबशी वर ओढून घरी नेली. सकाळी मोटार बंद!

"रखवालदार!" काका गरजले. "काल विचारत होता हा! याचंच काम!"

मास्तर इतके दिवस गप्प होते, ते आता तडकले. "काका, पुरे करा. आधी भाऊ, आता हा, उद्या माझं नाव घ्याल."

नर्सबाईंना पोचायची घाई होती. त्या पदर खोचून मागे आल्या. "काय काय करता तुम्ही, ते मला दाखवा बरं. हा फुगा कशाला?"

"पेट्रोल चढवायला. चढलंय. घट्ट आहे बघा."

नर्सबाईंनी फुगा हातात घेतला. दिवसभर रक्तदाब मोजायचा तसलाच फुगा दाबणारी बाई ती. तिने एकदा दाबला, दोनदा दाबला आणि भुवया चढवल्या. "काका, हा भरलेला नाही. हा थंडीने कडक झालाय. जुनं रबर असंच होतं, आमच्याकडे असले फेकून देतात." तिने तो दोन्ही तळव्यांत धरला, वर शाल गुंडाळली आणि बसून राहिली. थोड्या वेळाने दाबला तर तो पचकन आत गेला, अगदी पोकळ. "हे बघा, रिकामा! तुमच्या हाताला घट्टे पडलेत, तुम्हाला कसं कळणार?" मग ती दाबत राहिली, दाबत राहिली, आणि फुगा हळूहळू खरोखरच भरून आला. काकांनी दोरी ओढली. मोटार पहिल्या ओढीला सुरू झाली.

सगळे हसले, मास्तरांनी टाळी वाजवली. काका मात्र दोरीची मूठ हातात धरून तसेच उभे. पण फुगा रिकामा का होता? मोटार कोरडी कोणी केली होती? काल संध्याकाळी आपणच. आणि त्याआधी? त्याआधी ज्या ज्या दिवशी धाकटा गावात होता, त्या त्या दिवशी आपणच. तो नसला की आपण केली नव्हती. अरे देवा! काका खाली फळीवर बसले.

उतारूंना सोडून ते तडक आवारात गेले. धाकटा उपड्या घातलेल्या होडीचा जुना रंग खरवडत होता. त्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"मोटार कशी आहे?" त्यानेच विचारलं.

"सुरू होते. पहिल्या ओढीला."

"ऐकलं मी. मी निघाल्यापासून." तो खरवडतच राहिला. "म्हणजे मीच होतो तर."

"नाही रे." काका त्याच्यासमोर बसले. "तू गावात असलास की मी ती कोरडी करून टाकी घरी न्यायचो. तू नसलास की न्यायचो नाही. फुगा थंडीने कडक व्हायचा, मला वाटायचं भरला. एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं."

त्यांना वाटलं होतं, आता हा हसेल, शिव्या घालेल, पाठीत एक धपका घालेल. धाकट्याचा हात थांबला.

"टाकी माझ्यामुळे न्यायचास?" तो म्हणाला. "मला वाटायचं, कुणा चोराच्या भीतीने नेतोस. मीच तर उचलून द्यायचो तुझ्या हातात."

काकांनी कमरेची एक किल्ली सोडवली आणि होडीच्या पाठीवर ठेवली. "ये रे," म्हणाले. "चुकलं माझं." धाकट्याने किल्लीकडे पाहिलं नाही. "इथे शब्द दिलाय मी," एवढंच बोलला आणि पुन्हा खरवडायला लागला.

त्या संध्याकाळी काकांनी टाकी जागेवरच ठेवली. रखवालदाराने हाक मारली, "काका, कुलूप राहिलं!" "राहू दे," काका म्हणाले.

सकाळी धुकं होतं. आदल्या दिवशीच बसवलेला नवा फुगा हाताला मऊ लागला, मग घट्ट झाला. चोक ओढला, दोरी ओढली, मोटार एका झटक्यात जागी झाली आणि काका सवयीने ओरडले, "सोड!"

नाळेवर कोणी नव्हतं. होडीतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. मग नर्सबाई पर्स बाकावर ठेवून उठल्या आणि तोल सावरत दोर सोडायला पुढे गेल्या.