पाटी वाचूनच चढायचं

बस आली, थांबली, चार माणसं चढली, आणि रेश्मा जागची हलली नाही.

मी रस्त्याच्या पलीकडे, एसटीडी बूथच्या आडोशाला उभी होते. तिथून नेरूळचा तो स्टॉप पूर्ण दिसायचा. बस बेलापूरलाच जाणार होती. रस्त्याच्या त्या बाजूने दुसरीकडे कुठे जाणारी बसच नव्हती. रेश्माने मान वर करून बसची पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि एक पाऊल मागे घेतलं. मग मीही वाचली. पाटीवर ‘वाशी’ लिहिलं होतं.

बसला तेव्हा पत्र्याची पाटी असायची. एका बाजूला ‘वाशी’, दुसऱ्या बाजूला ‘बेलापूर’. शेवटच्या स्टॉपला ती उलटी करून लावायची. कधी कधी ती तशीच राहायची. नेहमीच्या लोकांचं त्यावाचून काही अडायचं नाही, कारण पाटी कोणी वाचतच नसे. बस कुठल्या बाजूने आली ते बघायचं आणि चढायचं. गाडीचा नंबर जाता-येता एकच.

रेश्मा मात्र पाटी वाचणारच होती. ते मीच तिला शिकवलं होतं.

मी मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवत होते. तेव्हा हाच शब्द रूढ होता, शाळेच्या बोर्डावरही तोच होता. काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा. आमच्याकडे मुलं सोळा वर्षांपर्यंत असत. त्यानंतर बहुतेक जण घरी बसत. बेलापूरला एक कार्यशाळा होती. तिथे अशा मुलांना फाइल कव्हर बनवायचं, पाकिटं भरायचं काम मिळे आणि थोडा पगारही. त्या वर्षी तिथे एकच जागा रिकामी होती. कार्यशाळेचे मॅनेजर कामत यांची अट साधी होती.

“काम मी शिकवीन,” ते म्हणाले होते. “पण मुलांना घरून आणायला माझ्याकडे माणूस नाही. सोमवारी ती एकटी आली तर जागा तिची. नाही आली तर दुसऱ्या शाळेचा एक मुलगा तयार आहे.”

जागा गेली तर काय, हे रेश्माच्या वडिलांनी ठरवून ठेवलं होतं. हणमंतराव मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. “गावाला तिची आत्या हाय. शेणघाण काढंल, भाकरी खाईल. तितं काय बस पकडायची न्हाय,” ते म्हणायचे. आत्याचा स्वभाव रेश्माच्या आईने मला वेगळा सांगितला होता. तो इथे लिहीत नाही.

तयारीला आम्ही पावसाळ्यात सुरुवात केली. आमच्या कामात दोन शब्द नेहमी येतात. पहिला, फंक्शनल रीडिंग. म्हणजे रोजचं आयुष्य अडू नये एवढं वाचन. ‘धोका’, ‘महिला’, ‘बंद’, ‘विष’, स्वतःचं नाव, आपल्या स्टॉपचं नाव, बसच्या पाटीवरचे ‘वाशी’ आणि ‘बेलापूर’. अक्षरं जुळवत बसायचं नाही. ओळखीचा चेहरा ओळखावा तसा अख्खा शब्द ओळखायचा. रेश्माला ‘बेलापूर’ ओळखता यायला बराच वेळ लागला. पण एकदा आला तो पक्का आला. रिक्षाच्या मागे, दुकानावर, वर्तमानपत्राच्या पुडीवर, कुठेही तो शब्द दिसला की ती बोट ठेवायची.

दुसरा शब्द शॅडोइंग. मुलाच्या मागे सावलीसारखं जायचं, पण मदत करायची नाही. मदत केली की तो प्रयत्न नापास. कागदावर तसा रकानाच असतो: ‘मदत लागली’. दहापैकी नऊ प्रयत्न विनामदत झाले की मूल तयार, असा माझा नियम. रेश्माचे नऊ झाले होते.

शिवाय आम्ही तिच्यासाठी एक पुस्तक केलं होतं. ‘रेश्मा कामाला जाते’. एका पानावर एक फोटो आणि खाली एक ओळ. आण्णा मार्केटला गेले. आई घरी आहे. मी एकटी जाते. मी पाटी वाचते. बेलापूर असेल तर चढते. कोणी हात धरला तर मोठ्याने सांगते, हात सोडा. बाई दिसल्या तरी मी बोलत नाही. ती हे पुस्तक रोज वाचायची, आईला वाचून दाखवायची. ते तिला तोंडपाठ झालं होतं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शेवटच्या क्षणापर्यंत तयार नव्हत्या.

“पोरगी हरवली तर पेपरात नाव माझं येईल, तुझं नाही,” त्या म्हणाल्या.

“नऊ प्रयत्न बरोबर आलेत, मॅडम.”

“आणि दहावा?”

सोमवार उजाडला, आणि दहावा आता माझ्यासमोर होता.

पहिली बस गेली. पुढची बस यायला वेळ होता. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. दुसरी बस आली. तिच्यावरही ‘वाशी’. असं एका सकाळी दोनदा होईल हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. रेश्माने पाटी वाचली आणि मागे सरकली.

स्टॉपवर सारसोळ्याची एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. मासळी विकून दम खात बसली असावी. ती उठली.

“पोरी, कवरा येल उबी हायेस गो? बेलापूरलाच जाते ती. चल, चर.”

रेश्मा म्हणाली, “वाशी लिहिलंय.”

“लिवू दे गो! चल तू!” आणि बाईने प्रेमाने तिचा हात धरला.

“हात सोडा!” रेश्मा ओरडली. आम्ही शिकवलं होतं त्याच्या दुप्पट आवाजात. “हात सोडा!”

बसमधली माणसं खिडकीतून वाकली. बस निघून गेली. कोळीण हात झटकून म्हणाली, “घ्या! भल्याची दुनियाच नाय रायली.”

इथवर सगळं ठीक होतं. उशीर होत होता, पण रेश्मा शिकवल्याप्रमाणे वागत होती. मी रस्ता ओलांडायचा नाही हे स्वतःला बजावत होते. तेवढ्यात स्टॉपच्या मागे उभ्या असलेल्या टेम्पोआडून एक माणूस धावत आला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. त्याने रेश्माचा दंड धरला आणि तिला ओढायला लागला.

“बास झालं! चल घरी!”

टॉवेल होता तरी आवाज मी ओळखला. हणमंतराव. सकाळी कामावर जातो म्हणून घरातून निघाले होते. मार्केटला गेलेच नव्हते. खाडा करून टेम्पोआड उभे होते.

“हात सोडा!” रेश्मा पुन्हा ओरडली.

कोळिणीने त्यांची कॉलर पकडली. “मेल्या, मगाधरनं बगतंय मी तुला! पोरीवर डोला ठेवून उबा हायेस!”

“अवो, माजी पोरगी हाय ती!” त्यांनी टॉवेल ओढून काढला. “रेश्मे, सांग की यांना!”

स्टॉपवर आता दहा-बारा माणसं जमली होती. हातात हेल्मेट घेतलेल्या एका तरुणाने रेश्माला विचारलं, “हे तुझे वडील आहेत का?”

रेश्माने वडिलांकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, “आण्णा मार्केटला गेले. आई घरी आहे. मी एकटी जाते.”

पहिली चपराक तेव्हाच बसली.

मी धावले. त्या क्षणी दहावा प्रयत्न नापास झाला हे मला कळत होतं. पण जमाव एकदा सुरू झाला की थांबत नाही, हेही कळत होतं.

“थांबा! ते तिचे वडीलच आहेत. मी तिची शिक्षिका.”

“तुम्ही कोण आता?” हेल्मेटवाला वैतागला. “कुठून आलात?”

“तिथे बूथपाशी होते. मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.”

जे बोलू नये ते मी बोलले. दोन बायका माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या.

“काय गं, ह्या तुझ्या बाई का?” एकीने विचारलं.

रेश्माने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती रस्त्याकडे बघत होती. बाई दिसल्या तरी मी बोलत नाही.

“बघा, हिलापण नाही ओळखत,” मागून कोणीतरी म्हणालं. “गँग आहे. चौकीत घ्या दोघांना.”

हणमंतरावांच्या ओठातून रक्त येत होतं. ते हात जोडून एकच वाक्य म्हणत होते, “माजीच हाय हो, माजीच हाय.” मला धाप लागली होती, तरी त्यातल्या त्यात एक गोष्ट सुचली.

“तिच्या गळ्यात कार्ड आहे,” मी म्हणाले. “हात लावू नका. ‘कार्ड दाखव’ म्हणा, ती दाखवेल.”

हेल्मेटवाल्याने तसं म्हटलं. रेश्माने फ्रॉकच्या आतून कार्ड काढून समोर धरलं. तिने ते आधी का दाखवलं नाही, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. कारण आम्ही शिकवलं होतं, हरवलीस तर कार्ड दाखव. ती हरवली नव्हती.

कार्डावर शाळेचा नंबर होता. हेल्मेटवाला शहाणा मुलगा होता. तो म्हणाला, आधी फोन करू, मग काय ते ठरवू. सगळा घोळका आम्हा दोघांना मध्ये घेऊन बूथकडे निघाला. मोठ्या बाईंचा आवाज फोनवरही खणखणीत. मी काय नेसले आहे, माझ्या चष्म्याची काडी कुठे जोडलेली आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. रेश्माच्या वडिलांच्या कपाळावर पोतं उचलताना हूक लागल्याची खूण आहे, तेही सांगितलं. हेल्मेटवाल्याने खूण बघितली आणि फोन ठेवला.

“सॉरी, काका,” तो म्हणाला. “पण तोंड कशाला बांधायचं?”

मी मागे वळून बघितलं. स्टॉपवर रेश्मा नव्हती.

कोळीण तेवढी टोपलीपाशी परत जाऊन बसली होती. मी तिच्याकडे पळत गेले. “मुलगी कुठे गेली?”

“गेली ना गारीत. आता गेली.”

“पाटीवर काय होतं?”

“मना वाचता येत नाय, बाई.”

“तिने वाचली का पाटी?”

“तिनं वाचली. मान वर करून बगत व्हती. मंग चरली.”

आम्ही रिक्षा केली. हणमंतराव कोपऱ्यात आखडून बसले होते, टॉवेल ओठावर दाबून. मी दोन्ही बाजूंच्या फुटपाथवर तिचा निळा फ्रॉक शोधत होते. बेलापूर शेवटचा स्टॉप म्हणूनच आम्ही ती बस निवडली होती. सगळे उतरतात तिथे उतरायचं. पण त्या दिवशीची ती बस मी पाहिलीच नव्हती. पाटी बेलापूरची असली तरी पुढे कुठे वळली असेल, कुठे बंद पडली असेल, मला काहीच माहीत नव्हतं. नऊ बरोबर प्रयत्नांचा मला त्या रिक्षात काडीचाही उपयोग झाला नाही.

टॉवेल ओठावरून काढून हणमंतराव म्हणाले, “बाई, तिनं मला वळखलं न्हाय का?”

“आपण पोचू आधी,” मी म्हणाले.

“न्हाय, पर वळखलं न्हाय का वळख दिली न्हाय?”

आजही मला दोन्ही शक्य वाटतात. त्यातलं खरं कोणतं, हे रेश्माला विचारून बघितलं. ती हसते.

आम्ही कार्यशाळेच्या दारात पोचलो. आतल्या लांब टेबलाशी, भिंतीकडच्या खुर्चीवर रेश्मा बसली होती. समोर पुठ्ठ्यांची चळत. एका मुलाकडे बघून ती घडी घालायला शिकत होती. आम्ही आलेलो तिला दिसलो. तिने घडी पूर्ण केली.

कामत बाहेर आले. “उशीर झाला तिला. मी कारण विचारलं, तर म्हणाली पाटी चुकीची होती. खरं का?”

“खरं आहे.”

“मग तुम्ही सोबत आलात का? हे गृहस्थ कोण? यांना काय झालं?”

रिक्षात बसण्याआधी मी शाळेत पुन्हा फोन केला होता, तेव्हा मोठ्या बाईंनी हळूच सुचवलं होतं की जास्त बोलू नकोस, मुलगी पोचली असेल तर पोचली म्हण. मी सगळं सांगितलं. टेम्पो, टॉवेल, चपराक, कार्ड. माझ्याजवळचा कागद काढून ‘मदत लागली’ ह्या रकान्यात खूण केली आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. हणमंतराव माझ्याकडे बघतच राहिले. जागा मीच घालवली असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

कामतांनी कागद वाचला. “तुम्ही मध्ये पडलात तेव्हा मार कोणाला बसत होता?”

“वडिलांना.”

“बस कोणती, कधी चढायचं, हे तुम्ही तिला सांगितलं?”

“नाही. मी तेव्हा बूथमध्ये होते.”

“मग मदत वडिलांना लागली,” ते म्हणाले. “हा कागद त्यांच्या नावे करा. मुलीला उद्यापासून वेळेवर यायला सांगा.”

हणमंतरावांनी तिथेच खाली बसून तोंड टॉवेलात घातलं. ह्या वेळी कोणी संशय घेतला नाही.

रेश्मा त्या कार्यशाळेत बरीच वर्षं होती. आम्ही पुढच्या मुलांच्या पुस्तकात दोन बदल केले. ‘पाटी पटत नसेल तर कंडक्टरला विचारते’ असं एक पान वाढवलं. आणि आई-वडील कुठे असतील हे लिहिणं बंद केलं, कारण त्याची खात्री देता येत नाही.

त्यानंतर एक नियमही केला. मूल एकटं निघण्याआधी पालकांची चाचणी घ्यायची. मूल शिक्षकांबरोबर बाहेर जाणार, आणि पालकांनी त्या वेळात घरी बसून राहायचं. खिडकीत यायचं नाही, शाळेत फोन करायचा नाही, मागे यायचं नाही. ही चाचणी मी बरीच वर्षं घेतली. पास होणाऱ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा नेहमीच कमी राहिलं.