बस्त्याव काकांचं अर्धं आख्यान

बस्त्याव काका गेल्याची बातमी अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मीच टाकली. पाच मिनिटांत सत्तरेक 'ॐ शांती' येऊन पडल्या. काका वसईचे कॅथलिक, रविवारची मिस्सा कधी न चुकवणारे. पण तेवढं लक्षात ठेवायला वेळ कोणाला आहे! मग एकाने लिहिलं, "काय कीर्तन केलं होतं यार, अजून कानात आहे." माझं डोकंच फिरलं. त्याच्या कानात आहे ते अर्धं कीर्तन, आणि ते अर्ध्यावर तोडलं मी.

काका गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. तरुणपणी वसईच्या एका फादरांकडून ते ख्रिस्ती कीर्तन शिकले होते. फेटा, उपरणं, चिपळ्या, सगळं आपल्यासारखंच... हे 'आपल्यासारखंच' लिहितानाही लाज वाटते. तीन वर्षं मागे लागल्यावर कमिटीने त्यांना वार्षिक कार्यक्रमात जेवणाआधीचा एक तास दिला. आख्यान संत सेबॅस्टियनचं. काकांचं 'बस्त्याव' हे नाव त्याच्यावरूनच. हा रोमच्या बादशहाच्या पहाऱ्यावरचा अधिकारी, तुरुंगातल्या ख्रिस्ती लोकांना चोरून धीर द्यायचा. पकडला गेला, तेव्हा त्याला बांधून अंगाची बाणांनी चाळण केली.

"चित्रात लोक एवढंच बघतात," काका तालमीत म्हणायचे. "पण तो तेव्हा मेलाच नाही रे! आयरीन नावाची विधवा प्रेत न्यायला आली, तर श्वास चालू. तिने घरी नेऊन बरा केला. सगळे म्हणाले, पळ. आणि हा गेला थेट बादशहासमोर! तोंडावर सांगितलं, तू निरपराध माणसं मारतोयस. मग सोट्यांनी ठेचून गटारात फेकला. एकदा जखमा भरल्यावर परत जायचं म्हणजे... मध्यंतरानंतरच्या उत्तररंगात मला तेवढंच सांगायचंय. त्यासाठीच हा सगळा खटाटोप."

बाणांपर्यंतची गोष्ट काकांनी पूर्वरंगातच बसवली होती; कार्यक्रमाच्या दिवशी ते तिथवर आले आणि मध्यंतर झालं. मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात हे मला चांगलं ठाऊक होतं. माझे वडील नागपुरात कीर्तनाला पेटीची साथ करायचे. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं; हार घेऊन स्टेजवर चढतोय तोच अध्यक्षांचा मेसेज आला, 'लोक विचारतायत, हा धर्मप्रचार आहे का? गुंडाळ.' मी काकांच्या गळ्यात हार घातला, माईक घेतला आणि म्हणालो, "काकांसाठी जोरदार टाळ्या! लंच रेडी आहे." ज्यांना कीर्तन माहीत नव्हतं त्यांना वाटलं, संपलं. ज्यांना माहीत होतं तेही उठले. काका माझ्याकडे बघत राहिले. "अरे, उत्तररंग..." एवढंच म्हणाले. मी निलाजरेपणाने म्हणालो, "नेक्स्ट इयर नक्की, काका."

नेक्स्ट इयर उजाडायच्या आतच त्यांचं हृदय बंद पडलं. शोकसभेत अध्यक्ष गहिवरून बोलले. माणूस बोलायचा थांबला की आमचं मंडळ त्याला फार मन लावून ऐकतं.

गेल्या आठवड्यात काकांच्या बायकोला, रोजी काकूंना, भेटायला गेलो. त्या मला बेसमेंटमध्ये घेऊन गेल्या. कपडे धुवायच्या मशीनपुढे थोडी मोकळी जागा, समोर एकच खुर्ची.

"त्या दिवशी जेवायला न थांबता घरी आलो," काकू म्हणाल्या. "हे इथे उभे राहिले. उत्तररंग पुरा केला, शेवटपर्यंत. ऐकायला मी एकटी."

"मला का नाही बोलावलंत, काकू?"

"हे तुला फोन लावत होते रे. मीच म्हटलं, राहू द्या, तो जेवत असेल."