भिवाआप्पांच्या मेंढ्यांचा पंचनामा

हा किस्सा मी स्वतःच सांगते, कारण गावात दुसऱ्या कुणी सांगितला तर तिखटमीठ लावून सांगतील. आणि खरं सांगू? त्याला आणखी तिखटमीठ लावायला जागाच उरलेली नाही.

मी ग्रामपंचायतीची सदस्य. आमचं गाव न्हावऱ्याच्या पुढं. गारपीट झाली तेव्हा भिवाआप्पांचा मेंढ्यांचा वाडा माळावर होता. अकरा मेंढ्या जागेवर गेल्या, म्हणजे अर्धा कळपच. रस्त्याकडेच्या गोठ्यांचे पंचनामे दुसऱ्याच दिवशी उरकले. आमच्या भावकीतल्या एका उडालेल्या पत्र्याचाही फोटो निघाला. आप्पांकडे कुणी फिरकलं नाही. का? तर यादी घरनंबरावरून केलेली, आणि माळावर पाल ठोकून राहणाऱ्याला कसला घरनंबर?

माझं डोकंच फिरलं. तालुक्याला गेले, टेबलाटेबलावर भांडले. "ज्याचं छप्पर पक्कं, त्याचंच नुकसान खरं का?" असं तोंडावर विचारलं. शेवटी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "उद्या दुपारी येतो. पण संध्याकाळी यादी वर जाणार. मग माझ्या हातात काही नाही."

मी हवेत! सकाळीच माळावर गेले, तर वास सुटलेला. डॉक्टर येणार आणि ही घाण? पाहुणा यायचा म्हटलं की मी अंगण दोनदा झाडणारी बाई. लगेच जेसीबी बोलावला.

"ताई," आप्पा दबकत म्हणाले, "डाक्टरला बगू द्यायचं व्हतं न्हवं आदी?"

"आप्पा, रोगराई पसरली तर? मी आहे ना. काळजी करू नका."

अकराच्या अकरा मेंढ्या खड्ड्यात. वर मीठ, चुना, माती. रांगोळी तेवढी काढायची राहिली. जेसीबी पुढच्या कामाला वरवंडकडं निघून गेला.

दोन वाजता डॉक्टर आले. "कुठं आहेत मेंढ्या?"

मी ऐटीत सपाट जमीन दाखवली.

"पुरल्या? मॅडम, जनावर पाहिल्याशिवाय मी काय लिहू?"

आप्पा मटकन खाली बसले. त्यांच्या कारभारणीनं पदर तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासाठी भांडून आणलेली मदत मीच चुना टाकून पुरली होती.

एकदम आठवलं. "फोटो आहेत की! पुरायच्या आधीचे. गावाच्या ग्रुपवर टाकायला काढलेत, भरपूर आहेत."

डॉक्टर माझ्या मोबाईलवर बोट सरकवत गेले. "यात तुम्ही आहात." पुढचा. "यातही तुम्हीच." प्रत्येक फोटोत मी मधोमध, खड्ड्याकडं हात करून उभी. मागं कुठंतरी एखादा खूर.

"मॅडम, यावरून फार तर तुमचा पंचनामा करता येईल."

आप्पा उठले. पालातून दोन खोरी घेऊन आले, एक माझ्या हातात दिलं. "चला ताई. दिस मावळायच्या आत निगत्याल."

खणलं हो! नाकाला पदर, तळहाताला फोड, आणि डोळा सारखा उन्हाकडं. शेवटी डॉक्टरही बाह्या सारून उतरले. अकरावी मेंढी वर आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. डॉक्टरांनी मोबाईल काढला, तशी आप्पांनी काठीनं मातीत रेघ मारली.

"ताई, हिच्या अलीकडं येऊ नका."

मी निमूट मागं सरले. पंचनामा झाला, आप्पांचं नाव यादीत चढलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. पंच म्हणून सहीला डॉक्टरांनी मला बोलावलं. मी हात पुसले, पदर सारखा केला, पेन घेतलं आणि सवयीनं मान वर केली.

"फक्त सही, मॅडम," ते म्हणाले. "पंचाचा फोटो लागत नाही."