पावणेतीन ते तीन

त्याची शिफ्ट पावणेतीनला सुटायची, माझी तीनला सुरू व्हायची. मधली पंधरा मिनिटं हा आमचा संसार. कॅनडातल्या किचनरजवळच्या एका कारखान्याच्या पार्किंग लॉटमध्ये, कुंपणालगतच्या शेवटच्या रांगेत, तो तीन वर्षं चालला.

कारखान्यात गाड्यांच्या सीट बनतात. नवरा लोखंडी सांगाडे तपासतो, मी त्यांवर कव्हर चढवते. पुण्यात तो प्रॉडक्शन इंजिनिअर होता, हे आता त्याच्याही लक्षात राहत नाही. मुलगी वर्षाची झाली तरी डे-केअरच्या वेटिंग लिस्टवर आमचं नाव जागचं हललं नव्हतं, म्हणून आम्ही मुद्दाम उलट्या शिफ्ट मागून घेतल्या. एक जण कामावर, एक जण घरी. केवढी अक्कल चालवली म्हणून तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

रोज मी मुलीला घेऊन गाडीने तिथे पोचायचे. तो गेटमधून धावतच यायचा. किल्ली त्याच्या हातात देत मी म्हणायचे, "लंच झालाय. वॉशरूमला जाऊन आलीय. सर्दी आहे, पाच वाजता औषध दे. भाजी फ्रिजमध्ये वरच्या शेल्फवर." तो म्हणायचा, "सुपरव्हायजर आज तापलाय, जपून." झालं. एवढ्या वाक्यांवर लग्न टिकतं असं मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. रात्री लाइनवरची एक पंजाबी बाई मला घरी सोडायची, तेव्हा दोघंही झोपलेले असायचे. सकाळी मी उठायच्या आत तो गेलेला असायचा. शनिवारी तो ओव्हरटाइमला जायचा, रविवारी मी.

लहानपणी ठाण्यात माझ्या वडिलांच्या कंपनीचा भोंगा वाजायचा. साडेचारचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची आणि आम्ही भावंडं गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचो. सगळ्या गल्लीचे बाप एकदमच घरी यायचे. त्या भोंग्याचा मला भारी राग यायचा, कारण दुपारची झोप मोडायची. आता वाटतं, बिचारा वडिलांना बाहेर सोडायचा, पण त्याच वेळी आईला आत ओढत नव्हता.

इथे भोंगा नाही. तरी आमची मुलगी दुपारी सव्वादोन झाले की आपणहून बूट घेऊन दाराशी बसायची. घड्याळ तिला अजून कळत नव्हतं.

यंदा सप्टेंबरमध्ये तिची शाळा सुरू होणार होती. नऊ ते सव्वातीन. ती शाळेतून सुटेल तेव्हा मी लाइनवर उभी असणार, आणि मी घरी येईन तेव्हा ती झोपलेली असणार. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस मला माझी मुलगी मिळणार ती सकाळी दोन तास, तेही दात घास, दूध संपव, मोजे कुठे टाकलेस, यातच जाणार. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी डे शिफ्टसाठी अप्लाय केलं.

"अगं, पण दोघंही डेजला गेलो तर सकाळी सहा ते नऊ तिला कोण बघणार?" नवऱ्याने विचारलं.

"तू आफ्टरनून घे ना."

मी काय मागतेय ते मलाही कळत होतं. तिच्या संध्याकाळी त्याच्या होत्या आणि त्या मला हव्या होत्या. आम्हा दोघांना पुरेल एवढा तिचा दिवस नव्हता.

जुलैत कारखाना दोन आठवडे बंद असतो. तेव्हा निवांत ठरवू, असं म्हणून आम्ही विषय ढकलला. शटडाउनच्या पहिल्याच दिवशी ती सव्वादोनला बूट घालून दाराशी बसली.

"बाळा, आज कुठे जायचं नाही. आई-बाबा दोघंही घरी आहेत."

तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बट हू इज गोइंग?"

"कोणीच नाही."

तिला ते पटलं नाही. जेवायला आम्ही तिघं एकत्र बसलो, तर ती ताटाकडे नुसती बघत राहिली. माझ्याजवळ ती मराठी बोलते आणि माझ्या हातून वरणभात खाते. त्याच्याजवळ इंग्रजी बोलते आणि चमच्याने स्वतः खाते. दोघं समोर असताना कुठली मुलगी व्हायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. झोपवायला मी गेले, तर काळजीने म्हणाली, "आई, तुला लेट होईल." मी तिच्यावर खेकसले. चार वर्षांच्या पोरीवर. मग तो आला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती पाच मिनिटांत झोपली. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

ऑगस्टमध्ये यादी लागली. डे शिफ्ट मला मिळाली होती. घ्यायची की नाही ते तीन दिवसांत कळवायचं होतं. शेवटच्या दिवशी, त्या पंधरा मिनिटांत, पार्किंग लॉटमध्ये आम्ही तिलाच विचारलं. असं मुलांना विचारू नये, हे मला चांगलं कळतं. तरी मीच विचारलं.

"संध्याकाळी तुझ्याजवळ कोण हवं? आई की बाबा?"

ती गोंधळली नाही की लाजली नाही. "बाबा. अँड आई गोज टु वर्क." मग माझा चेहरा बघून समजूत घातल्यासारखं म्हणाली, "रोजच्यासारखं."

नवऱ्याने मान खाली घातली. त्याला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. मला दोन्ही दिसलं. मी आत गेले आणि नकाराच्या फॉर्मवर सही केली. "पुढच्या वर्षी परत निघेल गं जागा," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. निघेलही. तोवर तिची संध्याकाळ आणखी पक्की त्याची झालेली असेल.

सप्टेंबरमध्ये तिला शाळेत घातलं. पहिल्या दुपारी मी एकटीच गाडी घेऊन त्या शेवटच्या रांगेत गेले. तो धावत आला आणि सवयीने त्याने आधी मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटकडे बघितलं, दार हळूच लावलं आणि पुढे येऊन बसला.

"निघतो. तिची शाळा सुटेल."

"भाजी वरच्या शेल्फवर आहे," मी म्हणाले.

गाडी गेली. तीन वाजायला अजून दहा मिनिटं होती. एरवी तेवढ्या वेळात तिला उचलून द्यायचे, नाक पुसायचे, बुटाचा पट्टा लावायचे. आता माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. मी आत जाऊन लवकरच कार्ड पंच केलं.