गुलाबी मिठाची पिशवी

विमलताईंनी नवऱ्यावर आळ घेतला तो राळेगावच्या दवाखान्यातून परतताना, भर एसटीत. भगवानरावांचं बीपी पुन्हा वाढलं होतं. डॉक्टर या खेपेस रागावले नाहीत, हळू बोलले, आणि विमलताईंना त्याचीच जास्त भीती वाटली. बीपी असंच राहिलं तर मूत्रपिंडं खराब होतील, मग डायलिसिससाठी नागपूर गाठावं लागेल, असं ते म्हणाले. मीठ कमी केलं की नाही, हेही त्यांनी पुन्हा विचारलं.

कमी कसलं, विमलताईंनी पांढऱ्या मिठाची पिशवी कधीच वरच्या फळीवर ढकलली होती. घरात बिनमिठाचं आणि माणसाचं बीपी चढतं, याचा अर्थ त्यांना एकच दिसत होता.

"खरं सांगा, बाजारात जाऊन काय खाऊन राह्यले तुमी?"

"मी कायले खोटं बोलू? तू वाढते तेच खातो."

मागच्या सीटवरून शेजारच्या लालीबाईंनी तोंड घातलं. "भगवानभाऊ, भजे खाल्ले असन तं कबूल करून टाका, मोकळे व्हा." आजूबाजूचे हसले. भगवानराव खिडकीकडे वळले ते गाव येईपर्यंत वळलेलेच राहिले. घरी आल्यावरही पुढ्यात आलेलं मुकाट्याने खायचे, मुकाट्याने उठायचे. त्या घरात इतकी वर्षं संसार झाला, पण असा अबोला विमलताईंनी पाहिला नव्हता.

पुढे कपाशीवर फवारणी आली. भगवानरावांचा यात एक कडक नेम होता. औषधाचा डबा घरी आला की ते चष्मा लावून ओट्यावर बसत आणि डब्यावरचा कागद मोठ्यानं वाचत. विष किती जहाल ते सांगणारा त्रिकोण लाल की पिवळा, किती पाण्यात किती औषध, अंगावर उडालं तर काय करायचं. वाचून होईपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही. त्या सकाळीही त्यांचं वाचन चाललं होतं. विमलताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या मनात आलं, की कपाशीच्या पानावर पडायचं त्याचं हा माणूस इतकं वाचतो, आणि याच्या पोटात माझ्या हातून जे जातं, त्याचं मी कधी काही वाचलं का?

त्या आत आल्या. स्वयंपाकाच्या ओट्याशी हाताला सापडली ती गुलाबी मिठाची पिशवी. हे उपासाचं मीठ, शेंदेलोण. एकादशीला मीठ चालत नाही, पण हे चालतं, असं त्या आईच्या घरापासून बघत आल्या होत्या. म्हणजे हे मीठ नव्हेच, हा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्या दिवसापासून घरचं वरण, भाजी, सगळं यातच होत होतं. जरा फिकं लागतं म्हणून चिमूटभर जास्तच.

पिशवीच्या मागे एक चौकट होती, त्यात बारीक अक्षरं आणि आकडे. त्यांनी सुनेला, निकिताला, बोलावलं. निकितानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"आई, हे सोडियम. डॉक्टर ज्याच्यानं घाबरवून राह्यले ना, ते हेच."

विमलताईंनी स्टूल घेतलं, वरच्या फळीवरची पांढरी पिशवी खाली काढली आणि दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हीकडच्या त्या ओळीतले आकडे जवळजवळ सारखे होते.

"मंग हेबी मीठच?"

"मीठच आहे, आई."

त्या खाली बसल्या. पण हात थांबेनात. घरातला एकेक पुडा त्यांनी समोर मांडला. पापड, लोणचं, शेव, चहासोबतचे टोस्ट, बिस्किटं. सगळ्यांच्या पाठीवर तशीच चौकट. गोड बिस्किटातही सोडियम होतं, आणि ते जिभेला कधी कळलं नव्हतं. इतकी वर्षं हे पुडे त्यांनी कात्रीनं कापले, डब्यात ओतले, कागद चुलीत घातले. तेवढा सगळा काळ आत काय आहे ते बाहेर लिहिलेलं होतं, कुणीही विचारावं आणि त्यानं सांगावं असं. देवळातल्या गाभाऱ्यात पहिल्यांदा गेलेल्या माणसासारख्या त्या पुड्यांकडे बघत राहिल्या. निकितानं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

रात्री ताट वाढताना त्या म्हणाल्या, "तुमी भजे नव्हते खाल्ले. मीच चारून राह्यली होती." आणि सगळं सांगितलं.

भगवानरावांनी घास चावून खाली जाऊ दिला. "तरीच म्हनलं, बिनमिठाची भाजी इतकी चांगली कशी लागून राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून पुडा घरात येण्याआधी दुकानातच उलटा व्हायला लागला. ज्याचे आकडे जड तो पुडा तिथंच राहायचा. दुकानदार कंटाळला, निकिताला हसू यायचं. भाजीत लिंबू, कोथिंबीर, जवसाची चटणी आली, तीही अळणी. भगवानराव कुरकुरत, पण जेवत. गोळ्या चालूच होत्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी आकडा सांगितला. उतरला होता. अजून पुरता नाही, पण भीती वाटावी असाही नाही. विमलताईंनी पुन्हा बघायला सांगितलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुन्हा पट्टा बांधला.

विमलताई त्या दंडाकडे बघत होत्या. उन्हानं काळवंडलेला, शिरा वर आलेला, आयुष्यभर शेतात डवरणी-वखरणी केलेला दंड. पट्टा फुगला, सैल पडला. आकडा तोच आला. मुंगीएवढी ती अक्षरं पुड्यावरून निघून या माणसाच्या रक्तापर्यंत पोचली होती. विमलताईंना वाटलं हात जोडावेत, पण नेमके कुणाला, ते कळेना. त्यांनी भगवानरावांची वर सरकवलेली बाही खाली ओढून नीट केली.